बुचाचा दिवस

चहावर साय धरते, चहा उतू जातो, आईचं लक्ष नसलं तर करपतोही. पण चहाला फेस येतो हे त्या घरात कुणी पाहिलं नव्हतं. त्या सोमवारी सकाळी तो आला. पांढरा, गुबगुबीत फेस, आणि वास थेट लंगोट धुण्याच्या साबणाचा. बाबांनी एक घोट घेतला, गालात तसाच धरून ठेवला, खिडकीशी गेले आणि कुंडीत सोडून दिला. मग घड्याळ पाहिलं. कारखान्यात तीस वर्षं टाइमकीपर होते. आपत्ती आली की आधी वेळ टिपायची, ही सवय निवृत्तीनंतरही सुटली नव्हती.

“सहा वाजून सतरा मिनिटं,” ते म्हणाले. “या घरात मला साबण पाजण्यात आला.”

हा पराक्रम घरच्या धाकट्या चिरंजीवांचा. (चिरंजीव म्हणजे नेमकं कोण ते विचारू नका, लिहिणाऱ्याला अजून लाज वाटते.)

धाकटा झेरॉक्सच्या दुकानात कामाला. लोक जे छापायला आणतात ते मशीन चालू असताना वाचून काढायचं, हेच त्याचं उच्च शिक्षण. महिन्याभरापूर्वी कुणीतरी एक पुस्तिका आणली होती, आपलं घर निसर्गाला सोसेल असं कसं करावं याची. तिचं अकरावं पान वाचून धाकट्याच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. धुण्याचं पाणी गटारात सोडू नका, संडासाच्या टाकीला जोडा, तेवढं चांगलं पाणी वाचेल. जोडताना काय सांभाळायचं ते बाराव्या पानावर होतं. बारावं पान मशीनमध्ये अडकलं आणि त्याचा बोळा झाला. धाकट्याने बोळा काढला, गिऱ्हाइकाची माफी मागितली, आणि अकरा पानांच्या बळावर घरच्या पाइपांना हात घातला.

घाईला कारण होतं. पाणी सकाळी सात ते आठ, एवढंच यायचं. त्यात गच्चीवरची टाकी भरायची आणि साडेनऊपर्यंत कोरडी व्हायची. पूर्वी कसंबसं निभायचं. पण दोन महिन्यांपूर्वी दादा-वहिनींना मुलगी झाली, आणि वीतभर लांबीची ती व्यक्ती दिवसाला वीस-बावीस लंगोट वापरू लागली. त्यामुळे धाकट्याने एक पिंप गच्चीवर टाकीहून उंच चौथऱ्यावर ठेवलं, जुनी छोटी मोटर लावून धुण्याचं पाणी त्यात चढवलं, आणि तिथून संडासाला पाइप जोडला. जुना पाइप मात्र तोडला नाही. म्हटलं, असू दे, अडीअडचणीला. टाकी रोजच्यासारखी रिकामी झाली, आणि रात्रीतून पिंपातलं पाणी त्या जुन्या पाइपातून उलटं फिरून स्वयंपाकघराच्या नळाला आलं. एरवी त्या वेळी नळातून नुसती हवा यायची. आज पाणी आलेलं पाहून आईला तर आनंदच झाला होता.

आता आनंद संपला होता. वहिनी जिन्यात उभ्या होत्या, खांद्यावर बाळ.

“भाऊजी, तुमच्यावर राग नाही,” त्या म्हणाल्या, आणि राग नसलेला हा आवाज धाकट्याला जास्त लागला. “पण मला आता होत नाही. दहानंतर एक लंगोट धुवायचा तर शेजारी बादली मागायची. रविवारी माझा भाऊ गाडी घेऊन येतोय. बाळाला घेऊन जाते. तिकडं दिवसभर पाणी असतं. उन्हाळा सरला की बघू.”

जाते हे ठीक होतं. ‘बघू’ ऐकून आईच्या हातातली गाळणी खाली आली. दादा बस चालवायचा, पहाटेच निघून गेला होता. धाकट्याने फोन लावला तर म्हणाला, “ती म्हणते ते बरोबरच आहे रे,” आणि फोन ठेवून बस पुढं काढली.

“आजच्या आज सगळं उखडा,” बाबांनी निकाल दिला. “निसर्गाला म्हणावं, आमच्या घरातून तुला रजा.”

“उखडायलाही जाणतं माणूस लागतं,” आई म्हणाली. “याने उखडलं तर घर पोहत जाईल. नळवाल्या काकूंना बोलवा.”

नळवाल्या काकू मंगळवारी दहाला आल्या. जुनी स्कूटर, अंगात नवऱ्याचा शर्ट, बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या, डोक्याला घट्ट रुमाल. मागे हत्यारांची पिशवी मांडीवर घेऊन एक वाळकुडे म्हातारे गृहस्थ बसलेले.

“हे शिंपीमामा,” काकूंनी ओळख करून दिली. “हे काम करत नाहीत. हे बोलतात.”

“चहा घ्याल ना?” आईने विचारलं.

“तुमच्याकडचा?” शिंपीमामा खुर्चीत बसत म्हणाले. “नको. ऐकलंय.”

म्हणजे बातमी गल्ली ओलांडून गेली होती.

काकूंनी कशालाच हात लावला नाही. पिशवीतून लांबलचक पाना काढला, त्याचं एक टोक स्वयंपाकघरातल्या पाइपला टेकवलं, दुसरं कानाला लावलं आणि डोळे मिटले. मग जिन्याखाली. मग न्हाणीघरात. मग संडासापाशी, तिथं जरा जास्तच वेळ. घरातले सगळे ताप आलेल्या माणसाच्या उशाशी उभं राहावं तसे मागे मागे. कुणी काही विचारलं की काकू बोट वर करायच्या. त्या बोटावर करवतीचा जुना पांढरा वण होता, आणि तो दिसला की माणूस आपोआप गप्प व्हायचा.

शेवटी त्यांनी फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“अहो, त्या टाइमकीपरांच्या घरी आहे. संडासाचा पाइप कुठनं नेला होतात?”

“डाव्या भिंतीतून, कमरेइतक्या उंचीवर,” फोनमधून खरखरीत आवाज आला. “जिन्याखाली एक वळण आहे. आणि ऐक, त्यांचा गच्चीचा जिना उभा आहे. धरून चढ.”

“चढते. औषध घेतलंत?”

“घेतलं.”

“खोटं.”

“घेतो.”

काकूंचे यजमान म्हणजे नळवाले काका. निम्म्या वस्तीचे पाइप त्यांच्या हातचे. चौदा वर्षांपूर्वी शिडीवरून पडले आणि पाठ कायमची गेली. तेव्हापासून खिडकीशी खाटेवर असतात, आणि कुठल्या भिंतीत कुठला पाइप आहे ते पडल्यापडल्या सांगतात. काकूंना तोवर या कामातलं एवढंच ठाऊक होतं, की डबा कुठं नेऊन द्यायचा आणि मागितल्यावर कुठलं हत्यार हातात ठेवायचं. काका पडले तेव्हा त्या घरोघर नुसता निरोप सांगत फिरल्या: ते आता यायचे नाहीत, दुसरं कुणी बघा. तिसऱ्या घरी निरोप सांगता सांगता समोर नळ टिपटिपताना दिसला. राहवेना. पिशवी आणली, वायसर बदलला आणि मग निरोप न सांगताच परत आल्या. त्यांची नोकरी अशी लागली.

गच्चीवर धाकट्याची कलाकृती त्यांनी भोवती एक पूर्ण फेरी मारून पाहिली.

“शिकलास कुठं?”

“झेरॉक्सच्या दुकानात.”

“बरं. धुणं कुठं होतं तुमचं?”

“वरच्या गॅलरीत. मशीन आहे.”

“आणि संडास?”

“खाली.”

“म्हणजे पाणी आपल्या पायाने खालीच निघालं होतं. त्याला तू मोटर लावून गच्चीवर चढवलंस, आणि तिथून पुन्हा खाली सोडलंस. का रे राजा? त्याला गावाचा देखावा दाखवायचा होता?”

धाकटा चपलांकडे बघत राहिला. शाळेत गणिताला असे क्षण पुष्कळ आले होते. पण तिथं निदान घंटा वाजायची.

खाली आल्यावर बाबांनी विचारलं, “मग? किती उखडायचं?”

“काहीच नाही,” काकू हात पुसत म्हणाल्या. “पोराचं डोकं बरोबर आहे, टाइमकीपर. हात चुकलाय. हात शिकवता येतो.”

धाकट्याच्या डोक्याबद्दल बाहेरच्या माणसाने त्या घरात काढलेले हे पहिले बरे उद्गार. आईने ते ऐकून पदराने उगाच ओटा पुसला. धाकट्याने काकूंची पिशवी उचलली, आणि ती इतकी जड होती की परत ठेवली.

“उद्या बुचाचा दिवस,” काकूंनी जाहीर केलं.

बुचाचा दिवस हा काकूंचा नेम. कुठल्याही घरचं मोठं काम घ्यायचं, तर आधी एक दिवस त्या घरातल्या सगळ्या मोऱ्यांना बुचं बसायची. बेसिन, ओटा, न्हाणीघर, कुठूनही थेंब बाहेर जाता कामा नये. जे पाणी ज्याने वापरलं ते त्याने बादलीत भरायचं, उचलायचं आणि अंगणातल्या पिंपात नेऊन ओतायचं. दिवस मावळेपर्यंत.

“मी?” बाबा म्हणाले. “या वयात? स्वतःचं तोंड धुतलेलं पाणी घेऊन अंगणात फिरू?”

“मी बोलू?” शिंपीमामांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता खुर्ची पुढं ओढली. “बारा वर्षांपूर्वी या बाईने माझं दुकान बुडवलं. नवा नळ बसवला आणि रात्रीतून सांधा सुटला. शाळेचे चाळीस गणवेश तयार होते. विजारी निळ्या, शर्ट पांढरे. सकाळी कुलूप काढलं तर शर्टही निळे. मी काय काय बोललो ते आता सांगत नाही, बाळ ऐकतंय.”

“सांगा की,” वहिनी वरून म्हणाल्या. “ती झोपलीय.”

“नको हो, झोपेतही कान उघडेच असतात. तर, मला वाटलं ही आता तोंड दाखवायची नाही. ही आली. तीन दिवस माझ्यासोबत बसली. एकेक शर्ट उकळला, डाग काढले, इस्त्र्या केल्या. चौथ्या दिवशी सांधा असा बसवला, की आजवर टिपूस नाही. पण पुढं हिला कुणी दारात उभं करेना. आधीच लोक म्हणायचे बाईमाणूस काय पाइप बसवणार, त्यात माझ्या दुकानाची कीर्ती. तेव्हा मीच म्हटलं, पुढच्या घरी मी सोबत येतो. ज्याचं बुडालं तोच सांगतोय म्हटल्यावर लोकांना बोलायला जागा राहत नाही.”

तेव्हापासून तो पायंडाच पडला. काकूंनी ज्या घराचं काम केलं, त्या घरातलं एक माणूस पुढच्या घरी साक्षीला जायचं. काय चुकलं होतं, काय सुधारलं, खरं खरं सांगायचं. 

“आज खरं तर धोब्याची पाळी होती,” शिंपीमामा गुडघे चोळत म्हणाले. “आला नाही. जो येत नाही त्याच्या जागी मी येतो. खुर्ची रिकामी बरी दिसत नाही.”

बाबांनी घड्याळात पाहिलं. “किती वाजता सुरू करायचं?”

बुधवारी आठला टाकी भरली आणि काकूंनी बुचं बसवली. संडासाच्या टाकीला बूच कसं बसवणार, म्हणून तिची कळ तेवढी बंद केली. “इथं उचललेलंच पाणी टाकायचं,” त्यांनी सांगितलं, आणि अंगणाच्या पायरीवर पेरू खात बसल्या.

पहिला बळी बाबांचा. दाढी करताना नळ चालू सोडायचा आणि बातम्या ऐकायच्या, हा त्यांचा पन्नास वर्षांचा शिरस्ता. बातम्या संपायच्या आत बेसिन भरलं, काठावरून सांडलं, आणि बाबांचे पाय मोज्यांसकट भिजले.

“आठ वाजून एकवीस मिनिटं,” वहिनी वरून हळूच म्हणाल्या.

घरात कुणी हसलं नाही. म्हणजे तोंड लपवायला ज्याला जशी जागा मिळाली तसं हसलं. एका दाढीच्या दोन बादल्या झाल्या. बाबांनी त्या अंगणात नेल्या, फाटकाबाहेर कुणी बघत नाही ना ते पाहिलं, आणि परत येताना धाकट्याला बजावलं, “हे बाहेर कुठं सांगायचं नाही.” धाकट्याने मान डोलावली. सांगायचं नाही हे त्याने पाळलं. लिहायचं नाही असं कुणी म्हटलं नव्हतं.

आईचं निराळंच चाललं होतं. भाज्या धुतलेलं पाणी तिने पिंपात ओतायलाच नकार दिला. “एवढं चांगलं पाणी?” ती म्हणाली, आणि रोज हेच एवढं चांगलं पाणी आपण भोकात ओततो हे लक्षात येऊन पातेलं घेऊन बाहेर निघाली. मग तिने कुंड्यांना घातलं, परवाच्या साबणाच्या कुंडीला जरा जास्त.

लंगोटांचं पाणी धाकट्याने उचललं. कुणी सांगितलं नव्हतं. तोंड वर करून बसणं बरं दिसेना. गॅलरीपासून अंगणापर्यंत पंचवीस पायऱ्या. पहिल्या धुण्याचं पाणी कसं होतं ते नको. पण दुसऱ्यांदा खळबळलेल्या पाण्याची बादली वहिनींनी त्याच्या हातात देता देता मध्येच थांबवली.

“भाऊजी, यात तळ दिसतोय.”

“हो ना. हेच तर मी…”

“तुम्ही बोलू नका. तुमचा चहा आठवतो.” पण बोलताना त्या हसत होत्या, सोमवारनंतर पहिल्यांदाच.

दुपारी चारला पाठ सरळ होईना अशा अवस्थेत बाबा गच्चीवर गेले. आले ते कपाळाला आठ्या घालून.

“टाकी निम्मी आहे.”

“असेल,” काकू पायरीवरून म्हणाल्या.

“असेल काय? साडेनऊला कोरडी पडते ती. माणसं तीच. लंगोट तेवढेच, उलट दोन जास्त. मग चारपर्यंत पाणी राहिलं कसं?”

“तुम्हीच सांगा. वेळेचा हिशोब तुमचा.”

बाबा अंगणात येरझाऱ्या घालू लागले. रोज काय उघडं असतं जे आज बंद आहे? नळ तर सगळे चालू होते, बुचं फक्त खाली होती. मध्येच ते थबकले. संडासापाशी गेले, आणि टाकीच्या बंद कळीवर हात ठेवून उभे राहिले.

“उघडा,” काकू मागे येऊन म्हणाल्या. त्यांनी पान्याचं एक टोक पाइपला लावलं, दुसरं बाबांच्या कानाला.

बाबांनी ऐकलं. बारीक, सतत, कुणीतरी दातांतून श्वास सोडावा तसा सुस्कारा.

“हा तर रोजचाच आवाज आहे,” ते म्हणाले. “टाकी जुनी झाली की बोलतेच थोडी.”

“किती दिवस बोलतेय?”

बाबांनी सवयीने घड्याळ पाहिलं, पण ते इथं उपयोगाचं नव्हतं. “दोन वर्षं. अडीच असतील.”

“आतला वायसर गेलाय. दोऱ्याएवढी धार आहे, डोळ्याला दिसत नाही. पण दिवसरात्र चालू. अडीच वर्षं तुमचं चांगलं पाणी तुमच्या नाकाखालून गेलं, टाइमकीपर.”

बाबांनी कळ परत बंद केली. धाकट्याला वाटलं, आता आपली वेळ आहे, एखादा टोमणा मारून घ्यावा. पण बाबांचा चेहरा पाहून तो टोमणा त्याने आतच ठेवला. थोड्या वेळाने त्याच्याजवळून जाताना बाबा, कुणाकडेच न बघता, म्हणाले:

“साबण तसा वाईट नव्हता.”

त्या घरात माफी याहून मोठी कधी मागितली गेलेली नाही.

धाकट्याने काकूंना बाजूला गाठलं. “तुम्हाला कालच कळलं होतं?”

“पाना लावल्या लावल्या.”

“मग सांगितलं का नाही?”

“सांगितलं असतं तर वायसर बदलून सगळे मोकळे झाले असते, आणि तुझं पिंप भंगारात. आज तुझ्या वडिलांनी पाणी उचललंय. आता बघ, तुझ्या पिंपावर तेच पहारा देतील.”

गुरुवारी आधी संडासाच्या टाकीतला वायसर बदलला, मग बाकीचं काम झालं. करणार काकू असं धाकट्याला वाटलं होतं, पण त्यांनी करवत त्याच्याच हातात दिली. संडासाला टाकीवरून जाणारा जुना पाइप त्याच्याकडून कापून घेतला, चांगला वीतभर तुकडा काढून टाकला, आणि दोन्ही तोंडं बंद करायला लावली. “पिण्याचं पाणी आणि धुण्याचं पाणी, यांची सोयरीक जमवायची नाही. शेजारीही बसवायचं नाही. मध्ये मोकळी हवा पाहिजे.” करवत धाकट्याच्या हातात तिरकी जाऊ लागली तेव्हा त्यांनी वरून आपला हात ठेवला. खरखरीत, जड आणि ऊबदार हात होता. ओरडल्या एकदाच, त्याने सांध्याला दोरा उलटा गुंडाळला तेव्हा. “मी चाळीस शर्ट निळे केले ते असाच गुंडाळून,” असं त्याच्या कानात सांगितलं, घरच्यांना ऐकू जाणार नाही इतक्या हळू.

गच्चीवरचं पिंप उतरून जिन्याच्या मधल्या कट्ट्यावर आलं. मोटर गेली. गॅलरीतल्या मशीनचं मळकं पाणी पूर्वीसारखं गटारात; शेवटच्या खळबळीचं पाणी तेवढं नळी फिरवून पिंपात; तिथून उताराने संडासाला. नळी नेमकी केव्हा फिरवायची हा प्रश्न होता. बाबांनी मशीनसमोर खुर्ची टाकून दोन फेऱ्या पाहिल्या आणि सांगितलं, “अडतिसाव्या मिनिटाला.” तेव्हापासून धुणं लागलं की ते सदतिसाव्या मिनिटाला गॅलरीत हजर असतात. निवृत्तीनंतर त्यांना ड्युटी मिळाली, आणि घराला उसंत.

पण रविवार यायचा तो आलाच. वहिनींची बॅग सोमवारपासून दाराशी भरून ठेवलेली होती, आणि या सहा दिवसांत ती तिथून हललेली नव्हती. कुणी तिच्याबद्दल बोलत नव्हतं. आई तिला वळसा घालून जायची. दादाने रजा काढली होती, आणि सकाळपासून तो बाळाची तीच तीन दुपटी पुन्हा पुन्हा घडी करत होता.

अकराच्या सुमाराला फाटकाबाहेर हॉर्न वाजला. वहिनींचा भाऊ. घाम पुसत आत आला, बॅगेला हात घातला.

“चला, ताई. ऊन चढायच्या आत निघू. बाळ कुठंय?”

“हळू बोल,” वहिनी म्हणाल्या. “आठपासून झोपलीय.”

मग त्यांनी स्वतःच मान कलती केली. बाळाच्या पाळण्यामागच्या भिंतीतूनच तो संडासाचा पाइप गेला होता. “आवाज नाही,” त्या म्हणाल्या. “तो सुस्कारा. म्हणून झोपतेय ती. तीन दिवस विचार करतेय, आपल्या घरात काय कमी झालंय.”

‘आपल्या’ हा शब्द आईने ऐकला, आणि ती स्वयंपाकघरात काहीतरी राहिल्यासारखी आत गेली.

वहिनी न्हाणीघरात गेल्या. सगळ्यांना ऐकू आलं, त्यांनी नळ सोडला. पाणी पडलं. अकरा वाजून गेले होते, आणि पाणी पडत होतं. त्यांनी नळ लगेच बंद केला. तेवढी शिस्त बुधवारने सगळ्यांनाच लावली होती.

“जेवून जा,” बाहेर येऊन त्या भावाला म्हणाल्या.

“आणि बॅग?”

“उघड ती. लंगोट संपलेत, आतले काढून दे.”

दादाच्या हातातलं दुपटं चौथ्यांदा घडी व्हायचं राहिलं. भाऊ बिचारा घामाघूम, बघत राहिला. “एवढं ऊन तुडवून मी लंगोट काढायला आलो?”

“मामा आहेस,” बाबा म्हणाले. “अकरा वाजून नऊ मिनिटांनी रुजू झालास.”

त्या दिवशी जेवताना आईने पाण्याचा तांब्या भरून मध्ये ठेवला आणि सगळ्यांनी त्याच्याकडे बघितलं. धाकट्याने एक पेला ओतून घेतला. साधं पाणी, कसला वास नाही, चव नाही. इतकं चांगलं त्याला क्वचित काही लागलं होतं. आपण मोडलेलं कुणीतरी न हसता जोडून दिलं, आणि जोडलं तेही आपल्याच हाताने जोडवून घेतलं, हे त्याच्या मनात बराच वेळ होतं. काकूंना हे सांगायला हवं असं त्याने ठरवलं.

काकू पुढच्या आठवड्यात सांधे तपासायला आल्या. टिपूस नव्हतं. आईने दिलेला चहा त्यांनी आधी खिडकीच्या उजेडात धरून पाहिला, मग प्यायल्या, आणि निघताना दारात धाकट्याला म्हणाल्या:

“माझं झालं. तुझी साक्ष राहिली. शनिवारी बेकरीवाल्याकडे बुचाचा दिवस आहे.”

“मी जातो की,” बाबा मागून म्हणाले. त्यांना आजकाल कुणालाही अडतिसाव्या मिनिटाचं सांगायला आवडतं.

“तुम्ही नाही. ज्याने पाइप जोडला तो.”

“येतो, काकू,” धाकटा म्हणाला. आणि मनापासून म्हणाला.

शनिवारी दुकानातलं मशीन बिघडलं. खरंच बिघडलं. ते अकराला दुरुस्त झालं हेही खरं. पण अनोळखी माणसांच्या घरात, खुर्चीवर बसून, मी माझ्या वडिलांना साबण पाजला असं स्वतःच्या तोंडाने सांगायचं, हे त्याला अकरानंतरही जमलं नाही. पुढच्या वेळी कवायतीच्या मास्तरांचं घर होतं, म्हणजे ज्यांनी त्याला आठवीत मैदानाला फेऱ्या मारायला लावल्या होत्या, ते. त्या दिवशी सर्दी झाली. काकूंनी एका शब्दाने विचारलं नाही. दोन्ही वेळा शिंपीमामा गेले. मास्तरांच्या घराला एकवीस पायऱ्या आहेत. धाकट्याने नंतर जाऊन मोजल्या.

काल दुपारी दुकानासमोरून काकूंची स्कूटर गेली. काकू समोर बघत होत्या. मागे मांडीवर पिशवी घेऊन शिंपीमामा बसले होते. त्यांनी काचेतून धाकट्याला पाहिलं, पिशवी एका हाताने सावरली, आणि दुसऱ्या हाताची दोन बोटं वर केली.

धाकट्यानेही आतून दोन बोटं वर केली. आकडा बरोबर होता.